गोष्ट कुठे अडकली

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मामींच्या खाटेची नवार ताणणं. मामी म्हणजे माझी सासू. खाट मधोमध इतकी बसली होती की मामी आडव्या झाल्या की लांबून नुसती चादर दिसायची. बायकोनं एका बाजूनं पट्टी ओढायची, मी दुसऱ्या बाजूला गच्च धरायची, आणि ढिली पडली की दोष माझा.

"अहो, धरा की नीट. जेवला नाहीत का?"

"जेवलो. किती वाढलं होतंस ते तुलाच माहीत."

मामींना डोळ्यांनी दिसत नाही. तरी त्या खुर्चीत बसून आम्हाला सांगत होत्या, "डाव्या अंगाला झोल हाय." बघितलं तर खरंच डाव्या अंगाला झोल होता. पुन्हा उकललं, पुन्हा ओढलं. ही वर बसली, हातानं दोनदा थापटून बघितलं आणि भाकरी टाकायला गेली. मी घाम पुसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. छातीत कळ आली, रिक्षात बसवली, दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा सगळं संपलं होतं. याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लिहून ती परत येत नाही आणि वाचणाऱ्याच्या घशात घास अडकतो. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं, आणि त्यात हसण्यासारखं बरंच आहे. ती असती तर तीच सगळ्यात जास्त हसली असती, कारण गाढवपणा माझा होता.

मी पाचवी शिकलो. हडपसरच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात हयात गेली. बायको दहावी पास. त्यामुळं घरातलं वाचायचं-लिहायचं खातं तिच्याकडं आणि वजन उचलायचं खातं माझ्याकडं. मामी माहेर-सासर धरून मांजरी गावच्या. डोळे गेले तशी हिनं त्यांना आमच्याकडं आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणून पहिल्यांदा फार नखरे झाले. पूर्वी त्या लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. "दोन दिस" म्हणून आल्या आणि राहिल्या.

माझं आणि त्यांचं बोलणं नव्हतं असं नाही, पण ते सगळं बायकोच्या मार्फत चालायचं. एकाच खोलीत बसून मी हिला म्हणायचो, "त्यांना सांग, चहा गरम आहे." मामी हिला म्हणायच्या, "जावईबापूंना म्हणावं, मला दिसत न्हाई, समजतंय." ही मधे बसून शेंगा सोलायची आणि दोघांनाही काही सांगायची नाही.

आमच्याकडं कॉम्प्युटर आहे. मुलगा कॅनडात असतो, त्यानं घेऊन दिला, त्याचं तोंड दिसावं म्हणून. तोंड महिन्यातून एखाद्या वेळी दिसायचं, बाकीचे दिवस कॉम्प्युटर टॉवेलखाली. मग हिला कुठनं तरी कळलं की इंटरनेटवर एक गृहस्थ रोज एक लांबलचक गोष्ट थोडी थोडी वाचून दाखवतात. एका गिरणीच्या गावातली खानावळ, ती चालवणाऱ्या दोन जावा, कोठीघराची एकच किल्ली आणि तिच्यावरनं भांडणं. हिनं पहिला भाग मामींना ऐकवला आणि संपलं. मामींना जेवण एक वेळ नसलं तरी चाले, गोष्ट लागे.

भानगड अशी की त्या साइटवर एक भाग आठवडाभरच राहायचा, मग काढून टाकायचे. रोज आठवणीनं उतरवून घ्यायला लागायचा. ही एखाद्या दिवशी विसरली की मामींचा दिवस वाया. मग शेजारच्या ताई मदतीला आल्या. या ताई अकोल्याकडच्या. आयटीत आहेत, नवरा-बायको दोघंही. ताईंनी असा काही प्रोग्राम बसवून दिला की पहाटे कॉम्प्युटर आपलं आपण उठून ती गोष्ट आणायचा आणि फोल्डरमध्ये ठेवायचा. आम्ही चहा घेईपर्यंत भाग हजर. ही तो पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि पेन ड्राइव्ह मामींच्या उशाशी असलेल्या छोट्या स्पीकरला लावायची. घरी दूध टाकणारा माणूस दांड्या मारायचा, हे यंत्र मारत नव्हतं.

एकदा मी मदत करायला गेलो होतो. जुने भाग काढून जागा करावी म्हटलं. सगळे निवडले गेले, सगळे गेले. त्या दिवशी मामी तीन तास बोलल्या आणि ही संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग हिनं ताईंना बोलावून माझ्यासमोरच सांगितलं, "याला असं काहीतरी कुलूप घाला की यांना नुसतं ऐकता आलं पाहिजे, हात लावता येता कामा नये." ताईंनी हसत हसत काहीतरी केलं. मला काही त्याचं वाईट वाटलं नाही. घरात माझ्यासारखा माणूस असता तर मीही तेच केलं असतं.

असो. तेराव्याला मेव्हणा म्हणाला, "आईला घेऊन जातो. आता अक्का न्हाई, इथं कुणाच्या नात्यानं ठेवायची?"

चुकीचं काही बोलला नाही. लेक गेल्यावर सासूनं जावयाच्या घरी राहायचं, हे आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. मला त्या राहायला हव्या होत्या. घरात दुसरं माणूस नव्हतं, आणि जिच्याबद्दल बोलावं ती ज्यांच्या पोटची, त्या समोर बसल्या होत्या. पण हे बोलायचं कसं? जावयानं सासूला "राहा" म्हणायचं कुठं शिकवत नाहीत.

मामीच म्हणाल्या, "गोष्ट चालू हाय. ती सरली की येते."

मेव्हणा म्हणाला, "आई, फोनवर ऐकवतो की मी."

"तुझ्या फोनला सारखं कुणीतरी मधेच येतं. सरली की येते म्हनले ना."

म्हणजे मामी कुठवर राहणार तर त्या खानावळीतल्या जावांचं भांडण मिटेपर्यंत. मी मनात म्हटलं, भांडा बायांनो, चांगलं भांडा.

पंधरा दिवसांत कुणी यंत्राकडं बघितलं नव्हतं, पण यंत्राला सुतक नसतं. त्यानं रोज पहाटे आणून भाग रचून ठेवले होते. फोल्डर माझ्याकडनंही उघडायचं, नुसतं वाचण्यापुरतं. पेन ड्राइव्ह लावायचं मी हिचं बघून बघून शिकलो होतो. मामी रोज दोन भाग ऐकायला लागल्या. मी खाली चटईवर बसून ऐकायचो. पहिल्या वेळी दोघांनाही बरं वाटेना, कारण मधे बोलायचं कुणाशी? मामींना सवय, गोष्टीतली थोरली जाऊ खोटं बोलली की म्हणायच्या, "बघितलंस का गं?" तसं त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मी म्हटलं, "बघितलं." एवढंच. पण ते थेट बोलणं होतं.

त्याच आठवड्यात मी हिची नावं काढायला निघालो. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांना हे माहीत आहे. दाखल्याच्या झेरॉक्सा काढायच्या आणि दारोदार हिंडायचं. रेशन कार्डावरनं नाव काढा, गॅसवरनं काढा, बँकेतल्या जोडखात्यावरनं काढा. प्रत्येक ठिकाणी एक माणूस मान वर न करता म्हणतो, "मयत का?" आणि आपण "हो" म्हणायचं. आमच्या कारखान्यात एकजण मेलेल्या बापाच्या नावावर काय काय चालवायचा, त्याची पुढं फार शोभा झाली होती. तेव्हापासून मी धसका घेतलेला. गेलेल्या माणसाच्या नावावर काही चालू ठेवायचं नाही. लबाडी ती लबाडीच.

घरी आलो, कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर दोन नावं. एक माझं, एक हिचं. हिच्या नावाशेजारी गुलाबाचं चित्र. म्हटलं, हे राहिलंच की. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "आजोबा, अकाउंट उडवायचं? फायली ठेवू का त्याही उडवू?"

"फायली ठेव. नाव काढ."

त्यानं काढलं. मी त्याला दाखल्याची झेरॉक्स देऊ केली. तो म्हणाला नको. मला तेव्हाच कळायला हवं होतं की जिथं झेरॉक्स लागत नाही तिथलं नाव काढायचं नसतं.

साठलेले भाग होते, त्यामुळं काही दिवस कळलंच नाही. मग एका सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन बसलो तर नवं काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नेट चालू होतं, मुलाचा फोटो आला होता, गोष्ट आली नव्हती. पडद्यावर एक चौकोन यायचा, त्यात लाल फुली. मी ती फुली दाबायचो, चौकोन जायचा. मला वाटलं, तेवढ्यासाठीच ठेवलीय ती.

मी मामींना सांगितलं नाही. जुनाच एक भाग लावला. थोडं चालू झालं आणि मामी म्हणाल्या, "ह्यो झालाय."

"तसाच वाटत असेल. जावांची भांडणं सगळी सारखीच."

"जावईबापू, मला दिसत न्हाई, आठवतंय."

दुसऱ्या दिवशी मी आणखी मागचा लावला. म्हटलं, लांबचा असेल तर ओळखू येणार नाही. मामींनी ऐकून घेतलं, सगळा. मग म्हणाल्या, "ह्यातली म्हातारी गेल्या महिन्यात मेली. आज परत भाकरी थापतीया." आणि थोड्या वेळानं शांतपणे म्हणाल्या, "बंद पडलीया न्हवं? सांगायचं तसं."

मी म्हटलं, "जरा अडकलीय."

"अडकली काय अन् सरली काय. त्यो वरचाच सांगतोय, चला आता." आणि उशीखालचा छोटा फोन काढून त्यांनी बोटांनी चाचपत लेकाला लावला. "रविवारी ये. कपड्यांची पेटी हलकी हाय, रिक्षा पुरंल."

शनिवार उजाडला. मुलाला विचारावं का, असं मनात आलं. पण मुलाला विचारलं असतं तर त्यानं नवा कॉम्प्युटर पाठवला असता. त्याला कुठल्याही दुखण्यावर तेवढं एकच औषध माहीत आहे. मी शेजारची बेल वाजवली. ताईंना सुट्टी होती. हाताला पीठ होतं, तसंच आल्या.

"काय झालं काका?"

"गोष्ट येत नाही. मामी उद्या चालल्या."

"गोष्टीसाठी चालल्या?"

"गोष्टीसाठी राहिल्या होत्या."

ताईंनी हात धुतले आणि खुर्ची ओढली. मामी पलीकडं खाटेवर बसून होत्या, कपड्यांची पेटी पायाशी. ताईंनी कुठलीशी एक यादी उघडली. यंत्र रोज काय करतं, कुठं अडखळतं, ते सगळं आपलं आपण लिहून ठेवतं म्हणे. माझ्यापेक्षा प्रामाणिक. ताई वाचत वाचत खाली आल्या आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबल्या.

"काका, मागच्या शुक्रवारपर्यंत सगळं बरोबर चालून राहिलं होतं. शुक्रवारी काय केलं होतं तुमी?"

"काही नाही. रेशन कार्डावरनं हिचं नाव काढलं. गॅसवरनं काढलं. बँकेतनं काढलं."

"ते नाही विचारत. कॉम्प्युटरला काय केलं?"

"त्याच्यावरनंपण काढलं."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. आमच्याकडं एखादं वेडं जनावर पाण्याच्या टाकीत पडलं की जसं बघतात तसं. "काका, काहून केलं तुमी हे? हे काय सरकारी आहे का?"

"गेलेल्या माणसाच्या नावावर चालू ठेवायचं नसतं."

"अहो, सगळं काकूंच्याच नावानं चालत होतं. पहाटे गोष्ट आणायला जाणारं माणूस काकूच होत्या. तुमी त्यांलेच काढून टाकलं, मंग जाईल कोण?"

खाटेवरनं मामी म्हणाल्या, "बघितलंस का गं?" हे त्या कुणाला म्हणाल्या ते मला आणि त्यांनाच कळलं. पण त्यांच्या तोंडावर बारीक हसू होतं, बऱ्याच दिवसांनी.

ताईंनी तो प्रोग्राम माझ्या नावावर केला आणि चालवून बघितला. लाल फुली आली. म्हणाल्या, "पत्ता सापडून नाही राहिला." मी विचारलं कसला पत्ता. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. यंत्राला गोष्ट कुठं नेऊन ठेवायची त्याचा एक पत्ता दिलेला असतो. अमक्या कपाटात, अमक्याच्या खणात, अमक्या डब्यात. हिचं नाव काढलं तेव्हा दुरुस्तीवाल्यानं हिचा सगळा खण उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. पण प्रोग्राम अजून जुन्याच पत्त्यावर जात होता. तिथं घरच नाही, तर पोस्टमन पत्र टाकणार कुठं?

"मग नवा पत्ता घाला."

"घालून राहिली न मी."

नवा पत्ता घातला. परत चालवलं. या वेळी फुली जरा उशिरा आली. म्हणजे घर सापडलं होतं. ताई म्हणाल्या, "आता म्हणते, परवानगी नाही."

"कुणाला?"

"तुमाले."

"माझ्याच घरात मला परवानगी नाही?"

"हो ना. थांबा, पाहू द्या." त्यांनी कुठंकुठं टिचक्या मारल्या आणि एक चौकोन उघडला. त्यात कुणाला काय करायची मुभा आहे ते लिहिलेलं होतं. माझ्या नावासमोर लिहायला, पुसायला, हलवायला, सगळ्याला मनाई. नुसतं ऐकायला परवानगी. ताईंना आठवलं आणि त्या हसायलाच लागल्या. "काका, हे मीच केलं होतं न. काकूंनी करायले लावलं होतं. 'यांचा हात लागू देऊ नको.'"

मीही हसलो. महिन्याभरात पहिल्यांदा मोठ्यानं हसलो असेन. बाई गेली, जाळून आलो, अस्थी सोडून आलो, सगळ्या कार्डांवरनं नाव काढलं, आणि हिची बंदी जागच्या जागी उभी. मामींनी विचारलं, "काय झालं?" ताईंनी सांगितलं. मामी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खाट करकरली. "माझी लेक हाय ती," म्हणाल्या. मग तोच पदर डोळ्यांना लावला.

चौकोनात खाली मालक म्हणून एक ओळ होती. तिथं कुणाचं नाव नव्हतं. नुसता लांबलचक आकडा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे कोण?" मी विचारलं.

ताई हळूच म्हणाल्या, "काकूच आहेत. नाव काढलं की यंत्राला नाव ठाऊक राहात नाही. पण हे फोल्डर कोणाचं तरी होतं, एवढं ते विसरत नाही. म्हणून आकडा ठेवते."

मी तो आकडा वाचायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर सोडला.

"आता असं करते," ताई म्हणाल्या. "मालक म्हणून तुमचं नाव टाकते आणि तुमची मनाई काढते. दोन मिनिटांत होऊन जाते."

ते सरळच होतं. मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलं आणि समोर मामींच्या पायाशी पेटी दिसली. मी म्हटलं, "माझं नको. मामींचं टाका."

"आजींचं?"

"गोष्ट त्या ऐकतात. त्यांच्या नावावर करा. पहाटे त्यांच्या नावानं जाऊ दे आणायला."

मामी म्हणाल्या, "माझं नाव कशाला त्या डब्यात? मी उद्या निघाले."

मला फिरवून बोलता येत नाही. आणि मधे बोलायला आता कुणी नव्हतं. मी म्हटलं, "मामी, तुमच्या लेकीच्या नात्यानं आला होतात. ते नाव मी सगळीकडून काढून आलोय, माझ्याच हातानं. आता तुमचं तुम्ही नाव लावा आणि राहा. तुम्ही गेलात तर मी इथं भिंतीशी बोलायचं का?"

ताई पडद्याकडंच बघत बसल्या, त्यांना जणू काही ऐकूच आलं नाही. शहाणी बाई.

मग मामी म्हणाल्या, "जावयानं असं म्हनावं लागतं व्हय?"

"नाही म्हणत कुणी. मी म्हटलं."

"लोक काय म्हनतील?"

"लोकांना आधीच म्हणायला पुष्कळ आहे. त्यात हे एक."

खालून कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होईना. ती चालू झाली आणि मामींनी ताईंना विचारलं, "नाव सांगायचं म्हंजे पुरं का अर्धं?"

"नुसतं तुमचं सांगा आजी, पुरते."

"अर्धं कशाला? सातबाऱ्यावर पुरं हाय माझं." आणि त्यांनी पुरं नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव घ्यायच्या आधी सवयीनं अडखळल्या, पदर सारखा केला आणि घेतलं. ताईंनी ते टाइप केलं. चित्र कुठलं लावू म्हणून विचारलं. मामी म्हणाल्या, मला दिसणार न्हाई, तुमास्नी बरं वाटंल ते लावा. सातबारा म्हणाल्या म्हणून ताईंनी उसाचं शोधलं, ते काही मिळालं नाही. मग पतंग लावला.

मग पासवर्ड आला. ताई म्हणाल्या, असा शब्द सांगा की जो कोणाला सुचणार नाही. मामींनी त्यांना जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं. ताई फिस्सकन हसल्या. मी विचारलं काय आहे. मामी म्हणाल्या, "तुमाला कशाला?" आजतागायत मला माहीत नाही.

शेवटी ताईंनी विचारलं, "काका, तुमची मनाई काढू न?"

मी म्हटलं, "ती राहू दे. तशीच."

"पक्कं?"

"मला ऐकता येतंय ना? बास."

ताईंनी मालकाच्या ओळीत मामींचं नाव घातलं. यंत्रानं खात्री आहे का म्हणून विचारलं, ताईंनी हो म्हटलं. मग पुन्हा चालवलं. आम्ही तिघं फुलीची वाट बघत बसलो. फुली आली नाही. एक हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. मामींना दिसत नव्हतं, म्हणून मी सांगत होतो, "अर्धी झाली. अर्ध्याच्या पुढं गेली. आली." एकेक करत राहिलेले भाग आले. सगळ्यात जुना तेवढा हुकला, त्याचा आठवडा भरून साइटवरनं गेला होता.

त्यावरनं संध्याकाळी आमचं भांडण झालं. पुढच्या भागात कोठीघराची किल्ली एकदम धाकट्या जावेच्या कमरेला. ती तिला कशी मिळाली ते हुकलेल्या भागात. मामींचं म्हणणं, तिनं चोरली. मी म्हटलं, थोरलीनंच दिली असणार, दमली होती ती. मामी म्हणाल्या, "तुमाला बायकांतलं काय कळतंय? किल्ली कुनी देत न्हाई." मी म्हटलं, मग चोरली तर थोरली बोंबलली कशी नाही? ताईंना कूकर लावायचा होता, तरी त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. जाताना म्हणाल्या, "आजी, ही गोष्ट संपली न, तर त्या साइटवर अजून ढीगभर आहेत. नाव लावून दिलंय तुमचं, कोणतीही आणते."

मामी जरा विचारात पडल्या. मग माझ्याकडं तोंड करून, थेट मला म्हणाल्या, "तसं असंल तर माझा खलबत्ता मांजरीला पडलाय. दोन दिसांसाठी म्हनून आनला न्हवता. दात न्हाईत, पान कुटायला तुमच्या घरात काय न्हाई. तुमच्या मिक्सरात पानाचा चिखल हुतो."

एवढंच म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून पहिल्या बसनं मांजरीला गेलो, मेव्हणा रिक्षा ठरवायच्या आत पोचावं म्हणून. तो अंगणात दात घासत होता. मला बघून चूळ भरायची विसरला. मी म्हटलं, "पाव्हणं, आज येऊ नका. यायचं तर जेवायला या. आणि मामींचा खलबत्ता तेवढा द्या." त्यानं आत हाक मारली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. माळ्यावरनं खलबत्ता काढून दिला. दगडी, चांगला जड. बसमध्ये शेजारच्या माणसानं विचारलं, पिशवीत काय आहे. मी म्हटलं, सासूचं सामान. तो म्हणाला, बायको माहेरी पाठवतेय का तुम्हाला? मी म्हटलं, नाही, आणायला गेलो होतो. आणि खलबत्ता मांडीवर घेऊन हडपसरपर्यंत आलो.